बांध सगळ्यांचा, पाळी कोणाची? : खारेपाटाकडून शिकायचा सहजीवनाचा धडा



'सहकार्य' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत इयत्ता पहिलीपासून भेटतो. 'मिळून मिसळून राहावे', 'एकमेकांना मदत करावी' ही वाक्यं मुलांना तोंडपाठ असतात. परीक्षेत ती बरोबर लिहितातही. पण गटकार्य दिलं की काय होतं, ते आपण सगळेच जाणतो. सहा जणांच्या गटात दोघं राबतात, एक जण हुकूम सोडतो आणि उरलेले तिघं तक्ता तयार झाल्यावर नाव लिहायला येतात. मग आपण म्हणतो, "मुलांमध्ये मूल्यंच राहिली नाहीत."

खरंच मूल्यं कमी पडतात का? की एकत्र राहायचं आणि एकत्र काम करायचं कसं, याची रीत आपण शिकवतच नाही? हा प्रश्न समोर ठेवून आजचा पाठ मांडला आहे. विषय आहे सामायिक मूल्यांवर उभं राहिलेलं सहजीवन. उदाहरणं मुद्दाम आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरून घेतली आहेत, म्हणजे ती मुलांना एसटीच्या खिडकीतून दाखवता येतील.

सहजीवन म्हणजे नेमकं काय?

माणसं एका ठिकाणी राहतात म्हणून ते सहजीवन होत नाही. एका इमारतीत चाळीस कुटुंबं राहतात आणि शेजारच्याचं नावही माहीत नसतं. सहजीवनात तीन गोष्टी लागतात. काहीतरी खरोखर सामायिक असावं लागतं : जमीन, पाणी, पैसा, स्वयंपाकघर किंवा निदान एखादं मोठं काम. त्याचा भार वाटून घ्यावा लागतो. आणि निर्णय एकत्र बसून घ्यावे लागतात.

याचे ढोबळ दोन प्रकार पडतात. एक जन्मानं मिळालेलं : गाव, वाडी, पाडा. दुसरं समजून-उमजून निवडलेलं : आश्रम, सामूहिक वसाहत, कम्यून. पहिल्यात माणूस जन्मतो, दुसऱ्यात तो ठरवून जातो. रायगडात दोन्हींचे धागे सापडतात.

पहिलं उदाहरण : खारेपाटाचा बांध

अलिबाग आणि पेण तालुक्यांतल्या खाडीकाठच्या सखल पट्ट्याला आपण खारेपाट म्हणतो. इथली बरीच भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे मधे बांध नसेल तर दिवसातून दोनदा खाडीचं पाणी शेतात येईल. पूर्वजांनी माती आणि दगडांचे लांबच लांब बांध घालून ही जमीन खाडीकडून मिळवली. या कामाला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही.

आता यातली गोम पाहा. बांध मैलभर लांब आहे आणि त्याच्या आड शंभर जणांची शेतं आहेत. खेकड्यांनी बिळं केली, माती खचली आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एका जागी खांड पडली, तर पाणी फक्त त्या जागेच्या मालकाच्या शेतात शिरत नाही, ते सगळ्यांच्या शेतांत पसरतं. एकदा खारं पाणी मुरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, शिवाय जमिनीतला खार पावसानं धुऊन निघायलाही वेळ लागतो. म्हणजे माझा बांध मी कितीही पक्का केला तरी शेजाऱ्याचा कच्चा असेल तर मी बुडणारच. इथे परोपकाराचा प्रश्नच नाही. शेजाऱ्याच्या बांधाला हात लावणं म्हणजे स्वतःचंच भात वाचवणं.

यासाठी खारेपाटात एक पद्धत होती. तिला 'जोळ' म्हणत. एका बांधाच्या आड ज्यांची जमीन आहे त्या शेतकऱ्यांनी मिळून, स्वतः राबून, त्या बांधाची देखभाल आणि दुरुस्ती करायची. खांड पडली की हाक जायची आणि माणसं घमेली-फावडी घेऊन बांधावर जमायची. मजुरीचा प्रश्न नव्हता, कारण काम सगळ्यांचं होतं.

मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : "कोणी आलाच नाही तर?" ते लगेच म्हणतील, "त्याला ओरडायचं," "दंड घ्यायचा." बरोबर आहे. एकत्र काम नुसत्या चांगुलपणावर चालत नाही. बांधावर कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळ्या गावाला दिसतं. हे 'दिसणं' फार महत्त्वाचं आहे. गटकार्याच्या तक्त्यावर मात्र कोणी काय केलं ते दिसत नाही आणि तिथेच आपलं गटकार्य फसतं.

पुढे काय झालं? १९४८ साली मुंबई प्रांतात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. हेतू चांगलाच होता. मोठे बांध, पक्क्या उघाड्या यांना लागणारा पैसा गावाकडे नव्हता. पण हळूहळू 'आपला' बांध 'खात्याचा' झाला. खांड पडली की फावडं उचलण्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. तरुण कारखान्यात आणि मुंबईला गेले, शेतीवरचा भरवसाही कमी झाला. आज खारेपाटात फिरताना एके काळच्या भातशेतीत तिवरांची दाटी झालेली दिसते. कारणं अनेक आहेत, एकट्या जोळपद्धतीच्या जाण्यावर सगळा दोष टाकता येणार नाही. पण हे नक्की : निधी आणि यंत्रणा बाहेरून येऊ शकते, 'माझी पाळी आहे' ही भावना बाहेरून येत नाही.

दुसरं उदाहरण : चरीचा संप

याच खारेपाटातलं चरी हे अलिबाग तालुक्यातलं गाव. १९३३ साली इथल्या आणि आसपासच्या मिळून २५ गावांतल्या कुळांनी ठरवलं, की खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा आणि राबणाऱ्याच्या घरी कर्ज उरायचं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप सुमारे सहा वर्षं, १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि ते १९३४ मध्ये चरीला आले. अखेर १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कुळकायद्याची ही आधीची पायरी.

संपाची राजकीय बाजू इतिहासाच्या तासाला येऊ शकते. आपल्या विषयाच्या दृष्टीनं वेगळी गोष्ट बघायची. सहा वर्षं शेत पडीक ठेवून ही घरं जगली कशी? लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी दिवस काढले. अशा वेळी एखाद्या कुळानं गुपचूप जाऊन जमीन कसायला घेतली असती तर त्याचं घर सावरलं असतं, पण संप मोडला असता. पुन्हा तेच बांधाचं गणित! फरक एवढाच की इथे बांध मातीचा नव्हता, शब्दाचा होता. आणि एक खांड पुरेशी होती.

ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बांधावर एकत्र जाण्याची सवय होती, तीच माणसं संपातही एकत्र राहिली, यात मला योगायोग वाटत नाही. सहकार्य ही सवय आहे. रोजच्या साध्या कामात ती लागली, तर कठीण प्रसंगी उपयोगी पडते.

तिसरं उदाहरण : गागोद्याहून पवनारला

आता निवडलेल्या सहजीवनाकडे येऊ. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. तेच आचार्य विनोबा. १९१६ साली घर सोडून ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींकडे गेले.

या कोचरब आश्रमाची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. १९१५ मध्ये आश्रम सुरू होऊन थोडेच महिने झाले होते. दुदाभाई नावाचे दलित शिक्षक पत्नी आणि लहान मुलीसह तिथे राहायला आले. अस्पृश्यता मानायची नाही हे आश्रमाचं व्रत होतं. पण विहिरीवर कटकट सुरू झाली, मदत करणाऱ्यांनी पैसे देणं थांबवलं, आश्रमातल्याच काहींना ते रुचेना. पैसे संपत आले तेव्हा गांधीजींनी ठरवलं की वेळ पडली तर दलित वस्तीत जाऊन राहू, पण या कुटुंबाला बाहेर काढायचं नाही. मग एका धनिकानं नाव न सांगता १३,००० रुपये आणून दिले आणि आश्रम तरला. भिंतीवर लिहिलेलं मूल्य आणि जगलेलं मूल्य यांतला फरक इथे कळतो. जोवर किंमत मोजावी लागत नाही, तोवर मूल्य आपल्याकडे आहे की नाही हे आपल्यालाच माहीत नसतं.

विनोबांनी पुढे २५ मार्च १९५९ रोजी वर्ध्याजवळ पवनार इथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. हा मुख्यतः स्त्रियांचा आश्रम. शेती, स्वयंपाक, सफाई ही सगळी कामं तिथल्या बहिणी स्वतः करतात. निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसंमतीनं होतात. म्हणजे पाच विरुद्ध चार असं मोजायचं नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं.

"हे आश्रमात ठीक, गावात कसं जमणार?" असं आपल्याला वाटेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाची ग्रामसभा सर्वसहमतीनंच निर्णय घेते. एखादा विषय अवघड असला तर आधी अभ्यासगटात त्याची माहिती घेतात, मग सभेत ठरवतात. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वेळ लागतो हे खरं. पण ज्या निर्णयात आपलं ऐकलं गेलं, तो पाळायला माणूस कुरकुरत नाही. वर्गाचे नियम आपण लिहून भिंतीवर लावतो आणि मुलं ते पाळत नाहीत. त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आपल्या जिल्ह्यात अशा विचाराचं काम बघायला जायचं असेल तर मुंबई-गोवा महामार्गावर, कर्नाळ्याजवळ तारा इथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 'चले जाव' ही घोषणा देणारे समाजवादी नेते युसूफ मेहेरअली यांच्या नावानं ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. आरोग्य, शिक्षण आणि तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग तिथे चालत आले आहेत. सहलीसाठी रिसॉर्टऐवजी हे ठिकाण निवडलं तर मुलांच्या हाताला माती लागेल.

जगात काय घडलं?

रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश उद्योजकानं १८२५ मध्ये अमेरिकेत 'न्यू हार्मनी' ही समतेवर आधारलेली वसाहत सुरू केली. विद्वान आले, उत्साही लोक आले, पण शेतात राबणारे हात कमी पडले आणि नियमावली पुन्हा पुन्हा बदलत राहिली. दोनेक वर्षांत प्रयोग मोडला. याउलट १९१० मध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी देगानिया इथे सुरू झालेली किबुत्झची पद्धत अनेक पिढ्या टिकली. जमीन, मिळकत, जेवण सगळं सामायिक. मात्र त्यांनाही बदलावं लागलं. पूर्वी मुलं आई-वडिलांपासून वेगळी, बालगृहात झोपत. ते पालकांनाच सहन होईना, म्हणून मुलं घरी आली. पुढे बहुतेक किबुत्झांनी कामानुसार वेगळं वेतनही स्वीकारलं.

दोन्हींतून एकच कळतं : ध्येय उंच असून भागत नाही, भांडी कोण घासणार हेही ठरावं लागतं. आणि 'सगळं सामायिक' याचा अर्थ माणसाचं स्वतःचं काहीच उरू नये असा नाही.

दुसरी बाजू : वाळीत

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, जुनी गावकी किती छान होती! इथे थांबून मुलांना खरं सांगायला हवं. आपल्याच जिल्ह्यात महाडला, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना हजारो लोकांसह जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं. तळं 'सार्वजनिक' होतं, नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही होता. पण गावाच्या 'आपण' या शब्दात सगळी माणसं येत नव्हती.

आणि हे फक्त जुनं नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावांतून कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या बातम्या अलीकडच्या काळातही वारंवार आल्या आहेत. कुणी गावकीचा निर्णय मानला नाही, कुणी मनाप्रमाणे लग्न केलं, कुणी निवडणुकीला उभं राहिलं, की त्या घराशी बोलायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, मयतीला जायचं नाही. शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू झाला.

नीट पाहिलं तर ही एकीचीच ताकद आहे. ज्या एकीनं खांड बुजवली जाते, त्याच एकीनं एखाद्या घराचा श्वासही कोंडला जातो. म्हणून 'एकी हेच बळ' एवढंच शिकवून थांबता येत नाही. त्या बळाला मर्यादा कोणती, हेही शिकवावं लागतं. कामाला न येणाऱ्याला जाब विचारणं वेगळं आणि वेगळं मत असणाऱ्याला तोडणं वेगळं. पहिल्यानं बांध टिकतो. दुसऱ्यानं माणूस बुडतो.

सहजीवनाच्या चार कसोट्या

कोणताही समूह, मग तो वर्ग असो, बचतगट असो की घर, या चार प्रश्नांनी तपासता येतो.

१. आपलं काय सामायिक आहे? ते सगळ्यांना स्पष्ट माहीत आहे का?
२. कामाची पाळी दिसते का? कोणी किती केलं हे उघड आहे का?
३. निर्णयात सगळ्यांचा आवाज आहे का? सर्वांत गप्प बसणाऱ्याला कोणी विचारलं का?
४. 'नाही' म्हणता येतं का? वेगळं मत मांडून, प्रसंगी बाहेर पडूनही, माणूस सन्मानानं राहू शकतो का?

पहिले दोन प्रश्न खारेपाट शिकवतो. तिसरा पवनार आणि मेंढा. चौथा महाड.

वर्गात करायची कृती : ताटातला बांध

साहित्य : मोठी परात, चिकणमाती, पाणी, मीठ, कागदाचे छोटे तुकडे.

परातीच्या मध्यभागी कागदाचे सहा तुकडे ठेवा. ही सहा शेतं. त्यांच्या भोवती गोल बांध घालायचा आहे. सहा गट करा आणि प्रत्येकाला बांधाचा एकेक भाग द्या. वेळ दहा मिनिटं. एकमेकांशी बोलायचं नाही. मग बांधाबाहेर हळूहळू मिठाचं पाणी ओता. बहुतेक वेळा दोन भागांच्या जोडावर खांड पडते, कारण जोड कोणाचाच नसतो! सहाही शेतं भिजतात.

आता दुसरी फेरी. या वेळी आधी पाच मिनिटं बोलायला द्या. जोड कोण बघणार, तपासणी कोण करणार, एखादा गट मागे पडला तर काय करायचं, हे मुलांनाच ठरवू द्या. पुन्हा पाणी ओता. नंतर वहीत एवढंच लिहायला सांगा : 'पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं?' चौथी-पाचवीला परिसर अभ्यासात आणि सहावीच्या पुढे नागरिकशास्त्रात ही कृती बसते.

पालकांसाठी

घर हे मुलाचं पहिलं सहजीवन. तिथे "आईला मदत कर" म्हटलं की काम आईचं ठरतं आणि मूल पाहुणा. त्याऐवजी पाळी लावा : पाणी भरणं, ताटं घेणं, केर काढणं. मुलगा-मुलगी भेद नको आणि बाबांचं नावही यादीत हवं. यादी फ्रीजवर किंवा दारामागे लावा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. आठवड्यातून एकदा जेवताना विचारा, "पाळीत काही बदलायचं का?" आणि मुलानं "हे मला पटत नाही" म्हटलं तर ते पूर्ण ऐकून घ्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या गावात एके काळी सगळ्यांनी मिळून केलं जाणारं कोणतं काम आता बंद झालं? आजी-आजोबांना विचारून लिहा.
२. बांध सरकारने सांभाळावा की गावाने? दोघांनी मिळून सांभाळायचा तर कामाची वाटणी कशी कराल?
३. कामाला न येणाऱ्या सदस्याशी गटाने कसं वागावं? काय मुळीच करू नये?
४. 'सार्वजनिक' आणि 'सगळ्यांचं' यांत फरक असू शकतो का? चवदार तळ्याच्या आधारे सांगा.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं मुलांच्या वहीत ठेवू नका. ती एकत्र करून वर्गात लावा. खारेपाटातल्या शाळांत 'जोळ' हा शब्द माहीत असलेली माणसं अजून घरोघरी आहेत. त्यांच्याकडून तो शब्द, ती रीत आणि तिच्यातल्या चुकाही आत्ताच विचारून घ्यायला हव्यात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी विचारायला गेलो तर सांगणारं कोणी नसेल.